मोबाइलवरील दुकान आणि आडतीचा हिशेब

आडत आपल्या व्यापाऱ्यांना नवी नाही. माल गाळ्यावर उतरला, आडत्याने गिऱ्हाईक लावले, उधारीची जोखीम अंगावर घेतली की त्याचा टक्का त्याला द्यावा लागतो. त्यावर घासाघीस होते आणि नाही जमले तर माल दुसऱ्या आडत्याकडे जातो. मोबाइलच्या बाजारात मात्र मोठे आडते दोनच आहेत. एक गुगलचे प्ले स्टोअर, दुसरे ॲपलचे ॲप स्टोअर. भारतात बहुसंख्य लोकांच्या हाती अँड्रॉइडचे फोन आहेत. त्यामुळे आपल्यापुरते पाहिले तर आडत्या एकच म्हटला तरी चालेल. त्याचा टक्का कशावर लागतो याविषयी बराच गैरसमज आहे. आधी तोच दूर करू.

भिवंडीचा कापड व्यापारी किंवा कोल्हापूरचा चप्पल कारागीर स्वतःच्या ॲपवरून माल विकत असेल, तर या टक्क्याशी त्याचा संबंध नाही. जो माल पार्सलने जातो, किंवा जी सेवा प्रत्यक्ष दिली जाते, जसे शिवणकाम, नळदुरुस्ती, गाडीभाडे, तिचे पैसे गिऱ्हाइकाने यूपीआयने द्यावेत, कार्डाने द्यावेत की रोख द्यावेत, हे तुमचे तुम्ही ठरवायचे. उलट अशा व्यवहारासाठी स्टोअरची पैसे घेण्याची सोय वापरायला गुगलची मनाईच आहे. गुगलकडे खाते उघडण्याचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, ॲपलकडे साधारण ९९ डॉलर दरवर्षी. तेव्हा ॲप बनवून देणारा कोणी तुमच्या चपलांच्या विक्रीवर ‘गुगलचे कमिशन’ मागू लागला, तर त्याच्याकडे लेखी नियम मागावा. (दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारपेठेत माल ठेवला तर तिचे कमिशन लागते, पण तो हिशेब वेगळा.)

टक्का लागतो तो फोनमध्येच वापरल्या जाणाऱ्या मालावर. शिकवणीचे व्हिडिओ, मासिक वर्गणी, खेळातली नाणी ही त्याची उदाहरणे. आज आपले अनेक कारागीर हुनर शिकवूनही कमावतात. समजा, मालेगावच्या एका शिंप्याने शेरवानीच्या कटिंगचे धडे ॲपवर १००० रुपयांना ठेवले. सुरुवातीपासूनचा रूढ दर ३० टक्के. म्हणजे ३०० रुपये आडत्याचे. ओरड झाल्यावर दोन्ही कंपन्यांनी २०२१ मध्ये लहान धंद्यासाठी तो १५ टक्के केला. गुगलच्या नियमात वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरच्या कमाईला हा दर लावला गेला. आपल्या शिंप्याला १५० रुपये द्यावे लागतील. शिकवणे, चित्रण करणे, शागिर्दांच्या शंका सोडवणे हे सगळे काम शिंप्याचे, आणि दीडशे रुपये दुकानाच्या दाराचे भाडे.

भाडे घ्यावे, यात आम्हाला गैर दिसत नाही. स्टोअर चालवायला खर्च येतो. हरकत आहे ती सक्तीला. पैसे आमच्याच गल्ल्यातून घ्या आणि बाहेर स्वस्त मिळते हे गिऱ्हाइकाला ॲपमध्ये सांगूही नका, असा दुहेरी नियम होता. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला यासाठी ९३६.४४ कोटी रुपये दंड केला आणि बाहेरची पैसे घेण्याची सोय अडवू नये असा आदेश दिला. गुगलने मग दुसरा पर्याय दिला. तुमची पद्धत वापरा, टक्क्यात ४ अंकांची सूट घ्या. आता शिंप्याचा हिशेब पुन्हा मांडा. १५ चे ११ टक्के झाले, म्हणजे ११० रुपये. त्यावर कार्डाचे पैसे वळवणाऱ्या कंपनीचे दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आणखी २० रुपये. शिवाय परताव्याची कटकट शिंप्याच्या गळ्यात. वाचले वीस रुपये. याला सूट म्हणायचे की हातावर तुरी, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये.

मोठ्या कंपन्यांनीही हा दर मान्य केला नाही. त्या न्यायालयात गेल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा दिला नाही. १ मार्च २०२४ रोजी गुगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲप्स काढायला सुरुवात केली. त्यांत मुंबईचे शादी डॉट कॉम होते, तसेच चेन्नईच्या कंपनीचे भारत मॅट्रिमोनी आणि मुस्लिम मॅट्रिमोनीही होते. मुलामुलींची स्थळे पाहणाऱ्यांना नवे ॲप उतरवून घेता येईना. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी नाराजी व्यक्त केल्यावर काही दिवसांत ॲप्स परत आली, पण टक्क्याची बिले चालूच राहतील असे गुगलने स्पष्ट केले. वादाचा निकाल लागण्याआधीच दुकानाचे शटर पाडता येते, हे त्या आठवड्यात दिसले. मार्च २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड २१६.६९ कोटींवर आणला, मात्र सक्तीची पद्धत हा मक्तेदारीचा गैरवापर आहे हे मान्य केले. त्यानंतर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

अमेरिकेतही हाच झगडा. एपिक या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या दाव्यात न्यायालयाने २०२१ मध्ये ॲपलला सांगितले की, ॲपमधून बाहेरच्या पैसे भरण्याच्या जागेचा दुवा देऊ द्या. ॲपलने २०२४ मध्ये दुवा दिला, पण बाहेरच्या विक्रीवरही २७ टक्के लावले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो न्यायालयाचा अवमान ठरवला. तो निकाल अमेरिकेपुरता आहे. आपल्या शिंप्याला त्याचा आधार घेता येणार नाही.

त्याच्यासाठी तिसरी वाट आहे आणि ती गुगलनेच मान्य केली आहे. धडे स्वतःच्या वेबसाइटवर विकावेत, पैसे तिथे यूपीआयने घ्यावेत, आणि ॲप केवळ पाहण्यासाठी ठेवावे. शागिर्दाने बाहेर पैसे भरायचे, ॲपमध्ये नाव व पासवर्ड टाकून धडे पाहायचे. त्यावर टक्का नाही. ॲपमध्ये मात्र ‘येथे पैसे भरा’ अशी पाटी किंवा दुवा ठेवायचा नाही. दुकानातला फलक, व्हिजिटिंग कार्ड, व्हॉट्सॲपचा निरोप यांतून वेबसाइटचा पत्ता द्यावा. दर आणि अटी कंपन्या वरचेवर बदलतात. म्हणून ॲप बाजारात आणण्याच्या दिवशी स्टोअरच्या पैशासंबंधीच्या अटी पुन्हा वाचाव्यात, आणि खाते ॲप बनवणाऱ्याच्या नावाने नव्हे, स्वतःच्या नावाने उघडावे.