पिकअप का घुमते?

जालना एमआयडीसीतली सळई ट्रेलरवर आणि ट्रकवर चढून परगावी जाते. वसाहतीतली रोजची ने-आण मात्र पिकअपच्या जिवावर चालते. भंगाराचे तुकडे, मिलचे रोलर, ऑक्सिजनचे सिलिंडर, बियाण्यांच्या गोण्या, हंगामात मोसंबी, असं काहीही या गाड्यांच्या हौद्यात असतं. चालक दिवसभर केबिनमध्ये असतो आणि त्याच्या तक्रारी ठरलेल्या असतात: कंबर, गुडघे आणि 'गाडी घुमते'. कंबरेसाठी मालक एखादी गादी तरी देतो. घुमण्याकडे कोणी लक्ष देत नाही, कारण डिझेल गाडी म्हटली की आवाज आलाच, अशी सगळ्यांची समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे. घुमणं हा डिझेलचा स्वभाव नाही. त्याला ठरावीक कारणं असतात, आणि ती मोजपट्टी घेऊन शोधता येतात.

चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला दोन वेळा धूर बाहेर ढकलतं. मिनिटाला १८०० फेरे म्हणजे सेकंदाला ३०, म्हणजे नळीत सेकंदाला ६० धक्के. हे ६० हर्ट्झ झाले. ढोलाच्या थापेइतका खालचा हा सूर कानापेक्षा छातीला आणि डोक्याला जास्त जाणवतो. सायलेन्सरचं काम हे धक्के मोडण्याचं. ते दोन रीतींनी होतं. एका रीतीत डब्याच्या आत पडदे आणि कप्पे असतात. आवाजाची लाट त्यांच्यावर आपटून मागे फिरते आणि पुढून येणाऱ्या लाटेला मारते. कंपनीचा मूळ सायलेन्सर बहुतेक याच रीतीचा असतो आणि खालचे सूर तो चांगले दाबतो. दुसऱ्या रीतीत भोकं पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती ग्लासवूल. धूर मोकळा जातो, तीक्ष्ण आवाज लोकरीत विरतो, पण ६० हर्ट्झची लाट त्या दोन-तीन इंचांच्या थराला दाद देत नाही.

'फायरिंग' भारी यावं म्हणून मूळ डबा काढून सरळ नळीचा बसवला की काय होतं, ते यावरून कळेल. परदेशात पिकअपच्या आवाजाचा शौक वाढला तो मोठ्या आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांवर. आपल्याकडे बहुधा चार सिलिंडरचं टर्बो डिझेल असतं. डिझेलची खडखड मुख्यतः इंजिनाच्या अंगातून येते, आणि टर्बोचं चाक धुराचे धक्के आधीच बरेच बोथट करतं. डबा काढून हाती लागतं ते पोकळ घुमणं आणि टर्बोची शिट्टी. याला भारदस्त आवाज म्हणायला मी तयार नाही. चांगला आवाज म्हणजे एक्सलरेटर दाबल्यावर इंजिनाचं ओझं कळावं आणि पाय स्थिर झाला की त्याने गप्प बसावं.

डब्यामागची लांब नळीही स्वतःचा सूर धरते, बासरीसारखा. धूर सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापलेला असेल, तर आवाजाचा वेग सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास जातो. दोन्ही टोकांना मोकळ्या असलेल्या तीन मीटर नळीचा सूर मग ८० हर्ट्झ येतो, आणि तो बरोबर २४०० फेऱ्यांवर जागा होतो. त्यात केबिनचा मागचा पत्रा सपाट आणि पातळ. धुराचा सूर आणि पत्र्याचा सूर जवळ आले की केबिन घुमायला लागते. दोनशे फेरे वर किंवा खाली गेलं की पुष्कळदा ते विरतं. चालक हे जाणतो आणि नकळत तो वेग टाळतो.

पण आता टाळता येईनासं झालंय. गावरस्त्यावर गिअर सतत बदलत असल्यामुळे घुमणं येऊन-जाऊन असायचं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर जालन्याहून चढलेली पिकअप एकाच गिअरमध्ये, एकाच फेऱ्यांवर तासन् तास चालते. सूर एकदा लागला की सुटत नाही.

ही तक्रार यंत्राला नीट ऐकूच येत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आवाज मोजतात डीबी(ए)मध्ये. त्या मापात ६३ हर्ट्झच्या सुरातून तब्बल २६ डेसिबल वजा होतात, कारण मंद आवाजात माणसाचा कान खालच्या सुरांना मंद असतो. म्हणून तपासणीत पास झालेली गाडीही चालकाचं डोकं धरू शकते. मीटरचा आकडा दाखवून त्याला 'तुला उगाच वाटतं' म्हणणं हा अन्याय आहे.

दुरुस्तीची सुरुवात नवा डबा घेऊन करू नये, आधी गाडीखाली जावं. हँगरचे रबर उन्हाने आणि उष्णतेने दगड होतात, मग नळीची थरथर थेट चेसिसमध्ये जाते. जास्त माल भरला की पाटे बसतात आणि नळी कुठेतरी टेकते, त्या जागी घासल्याची चकाकी दिसते. फ्लँजच्या गास्केटभोवती काजळी असेल तर तिथून धूर निसटतोय. डबा रबरी हातोडीने ठोकून आत काही खुळखुळलं तर पडदा सुटलाय. कितीतरी गाड्या नुसते रबर बदलून शांत होतात.

तरीही एकाच फेऱ्यांवर घुमणं राहिलं, तर बगलनळीचा उपाय आहे. मुख्य नळीला एक फाटा जोडायचा आणि त्याचं दुसरं टोक बंद करायचं. लाट फाट्यात शिरते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि लांबी बरोबर असेल तर मुख्य लाटेच्या नेमकी उलट येऊन तिला खोडते. लांबी लाटेच्या चौथाईएवढी लागते. ६० हर्ट्झला ४८० मीटर वेग धरला तर ती दोन मीटर येते. पण बंद फाट्यातून धूर वाहत नाही, त्यामुळे तो थंड राहतो. आत १०० अंश असतील तर वेग ३८७ मीटरवर येतो आणि लांबी १.६ मीटर पुरते. कागदावरचा हिशेब इथे फसतो. म्हणून टोकाचा तुकडा आधी क्लॅम्पवर सरकता ठेवावा. इंजिन पूर्ण तापल्यावर रस्त्यावर न्यावं, मोबाइलच्या ॲपवर सूर पाहावा, लांबी ठरली की मगच वेल्डिंग करावं. फाटा टेलपाइपच्या उघड्या तोंडाशी लावून उपयोग नाही. तिथे लाटेचा दाब जवळपास शून्य असतो आणि खोडायला काही उरत नाही.

कायद्याची रेघ ओळखून काम करावं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० सायलेन्सर बंधनकारक करतो. मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करायला १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. त्यामुळे फाटा जोडण्याआधीही आरटीओत विचारून घ्यावं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं. त्या डिझेल गाड्यांच्या नळीत धूर शुद्ध करणारे भाग असतात. 'मायलेज वाढतं' म्हणून ते पोकळ करून देणाऱ्यांकडे गाडी नेऊ नये. ती काजळी याच वसाहतीतल्या कामगारांच्या फुफ्फुसात जाते.

राहिला गंज. लिटरभर डिझेल जळलं की वाफेच्या रूपात जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. एमआयडीसीतल्या छोट्या खेपांत सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडतो. जालन्याच्या मिलमधून सळई निघते, हा पातळ पत्रा निघत नाही, तो बाहेरूनच येतो. सायलेन्सर बदलायचाच असेल तर ४०९ जातीच्या स्टेनलेसचा घ्यावा, तो साध्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

आणि काम झाल्यावर गाडी घ्यायला मालकाने स्वतः जावं. हौद्यात नेहमीएवढा माल भरून, काचा वर करून, चालकाशेजारी बसून बदनापूरपर्यंत जाऊन यावं, आणि बिल त्यानंतर द्यावं.