जुनी दमदार गाडी घेताना

गाडी म्हणजे दुकानाचा खर्च, तिच्यात शौक कसला, असे आपल्या व्यापारी मंडळींत म्हणण्याची रीत आहे. मालासाठी टेम्पो आणि घरच्यांसाठी एखादी साधी चारचाकी, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. पण अलीकडे चाळिशी-पन्नाशीतले बरेच व्यापारी आणि कारागीर जुन्या बाजारात जरा दमदार, चपळ गाडीची चौकशी करताना दिसतात. कारण समजण्यासारखे आहे. नवी असताना आवाक्याबाहेर वाटणारी गाडी आठ-दहा वर्षांनी पुष्कळ कमी दामात मिळते. रोख सौदा करता येतो, आणि व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांना ते सोयीचे पडते. शौक करण्यात गैर काही नाही. मात्र या गाड्यांत फसगत झाली तर दुरुस्तीचा आकडा थेट दुकानाच्या भांडवलाला हात घालतो. म्हणून घेण्यापूर्वी काय पाहावे ते येथे थोडे तपशिलाने मांडतो.

पहिला प्रश्न इंजिनाचा नाही, रस्त्याचा आहे. मी नारायण पेठेत राहतो. पत्र्या मारुतीपासून केळकर रस्त्याने अलका टॉकीजच्या चौकापर्यंत जायचे तर दिवसाउजेडी ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर काटा क्वचित जातो. लक्ष्मी रस्त्यावर सणासुदीला तेवढाही जात नाही. गाडी लावायची तर सम-विषम तारखा पाहाव्या लागतात. शहराबाहेर पडून मुंबईच्या द्रुतगती मार्गाला लागलो तरी मोटारीला वेगमर्यादा १०० ची, आणि आता वर कॅमेरे बसलेले. तेव्हा दोनशेपर्यंत आकडे असलेला काटा बघून खूष होणाऱ्याने तो आनंद महिन्यातून किती मिनिटे मिळणार याचा हिशेब आधी करावा. रोजच्या चालवण्यातली गोडी ताशी तीस ते साठच्या दरम्यान असते. पाय दाबताच गाडीने जागेवरून उचल घेतली पाहिजे, स्टिअरिंग हाताशी बोलले पाहिजे, गिअर अडखळता कामा नये आणि ब्रेक भरवशाचा हवा.

या ठिकाणी एक साधे गणित उपयोगी पडते. नुसते हॉर्सपॉवर पाहू नये, त्याला वजनाने भागावे. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय १०५ हॉर्सपॉवरची आणि वजनाने सुमारे ११०० किलो. मारुतीची २०१८ सालची पेट्रोल स्विफ्ट ८३ हॉर्सपॉवरची, पण वजन सुमारे ८७० किलो. भागाकार केला तर दोघींचा आकडा जवळजवळ सारखा येतो, टनाला पंचाण्णवच्या आसपास. फरक आहे तो जोराचा, म्हणजे टॉर्कचा. पोलोचा टॉर्क १७५, स्विफ्टचा ११३. टर्बोमुळे पोलोला तो जोर खालच्या फेऱ्यांतच मिळतो, स्विफ्टचे इंजिन मात्र फिरवून घ्यावे लागते. ज्याला गिअर बदलण्याची हौस आहे त्याला चांगल्या स्थितीतली साधी स्विफ्टही पुष्कळ आनंद देते, आणि तिचा मेकॅनिक प्रत्येक गल्लीत आहे. हे ऐकून काही मंडळी नाराज होतील, पण माझे मत असे आहे.

तरीही खास दमदार गाडीच हवी असेल, तर पुणेकरांना लांब जायला नको. जुन्या बाजारात ज्या दोन गाड्यांना सर्वांत जास्त मागणी असते, त्या दोन्ही पुणे जिल्ह्यातच तयार झाल्या. पोलो चाकणला आणि फियाटची अबार्थ पुंटो रांजणगावला.

पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली. इंजिन १.२ लिटरचे, सोबत सात गिअरचा आपोआप चालणारा डीएसजी गिअरबॉक्स. मोकळ्या रस्त्यावर हा गिअरबॉक्स लोण्यासारखा चालतो. पण त्याच्या आत दोन कोरडे क्लच आहेत, आणि गर्दीत इंच-इंच पुढे सरकताना ते सतत घासत राहतात. पेठेतल्या वाहतुकीसाठी यापेक्षा कठीण परीक्षा नाही. या गिअरबॉक्सच्या तक्रारी जगभर झाल्या. २०१३ साली कंपनीला अनेक देशांतल्या गाड्यांतले गिअर ऑइलसुद्धा बदलून द्यावे लागले होते. अशी गाडी पाहायला गेलात तर मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नका. भर गर्दीच्या वेळी अर्धा तास चालवा. पहिल्यातून दुसऱ्या गिअरात जाताना थरथर जाणवली, चढावर गाडी मागेपुढे झाली, किंवा काट्याजवळ गिअरचा आकडा लुकलुकू लागला, तर सौदा तेथेच थांबवावा. क्लच आणि त्याला हुकूम देणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग, दोन्ही महाग आहेत. २०२० साली ही गाडी नव्या १.० लिटर टर्बो इंजिनात आली, ताकद ११०. तिला डीएसजी नाही. एकतर सहा गिअरचा हाती चालवायचा गिअरबॉक्स किंवा साधा टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक. २०२२ मध्ये पोलोचे उत्पादन येथे थांबले. पेठेत राहणाऱ्याने या शेवटच्या दोन वर्षांतली हाती गिअरची टर्बो पोलो शोधावी. दाम जास्त पडेल, पण झोप लागेल.

अबार्थ पुंटो २०१५ च्या ऑक्टोबरात दहा लाखांच्या आतल्या किमतीत आली. १.४ लिटर टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. स्टिअरिंग जुन्या पद्धतीचे, हायड्रॉलिक, जरा जड, पण रस्त्याची खबर देणारे. चालवण्याचा आनंद विचाराल तर ही पहिली. मात्र तिची खरी ताकद दोन हजार फेऱ्यांच्या पुढे जागी होते, आणि साध्या पुंटोपेक्षा ती खाली बसलेली असल्यामुळे गतिरोधकावर सांभाळावी लागते. शिवाय फियाटने २०१९ च्या सुमारास भारतातला आपल्या नावाच्या गाड्यांचा पसारा गुंडाळला. ब्रेक पॅड, फिल्टर, सस्पेन्शनचा किरकोळ माल नाना पेठेत आणि जाणकारांकडे मिळतो, कारण साध्या पुंटो आणि लिनिया अजून रस्त्यावर आहेत. खास अबार्थचे भाग मात्र मागवून वाट पाहावी लागते. एकच गाडी असणाऱ्याने ही घेऊ नये. घरात दुसरी असेल तर जरूर घ्यावी.

बिल्ल्यावर भरवसा ठेवू नका. नारायणपेठ साडी मागायला येणाऱ्या कित्येक गिऱ्हाइकांना वाटते की ती आमच्या पेठेतली. ती तेलंगणातल्या नारायणपेठ गावची, नावापलीकडे आमच्या पेठेशी तिचा संबंध नाही. गाडीवरच्या ‘जीटी’ अक्षरांचेही तसेच. साध्या पोलोवर ती चिकटवायला पाच मिनिटे लागतात. जुन्या साध्या १.२ पोलोचे इंजिन ११९८ सीसीचे आणि टर्बोचे ११९७, म्हणजे आरसी पुस्तकातली सीसी पाहून काही उमगत नाही. सिलिंडरची संख्या पाहावी. साधीला तीन, टर्बोला चार. जुनी १.२ टर्बो येथे हाती गिअरमध्ये विकलीच गेली नाही, हेही लक्षात ठेवावे. २०२० नंतरच्या साध्या आणि टर्बो दोन्हींची सीसी ९९९ आणि सिलिंडर तीनच, तेथे बॉनेट उघडून टर्बो डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

मालातला ऐब दाखवून मगच तो विकावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. जुन्या गाड्यांच्या बाजारात तो ऐब आपणच शोधावा लागतो. विकायला काढलेल्या गाडीवरचे पॉलिश म्हणजे कापडावरची खळ. पहिल्या धुण्यात ती जाते आणि मग पोत दिसतो. कापडवाल्याला येथे एक फायदा आहे. गाडीत पुष्कळ कापड असते, आणि कापड खोटे बोलत नाही. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून पाहा. पाण्यात बुडालेल्या गाडीचा पट्टा कितीही धुतला तरी विणीत मातीची रेघ राहते. गालिचाचा कोपरा उचलून नाक लावा. ओल धरलेल्या ठाणाचा वास ज्याला कळतो त्याला तो येथेही कळेल. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का पाहा. पुण्यात ही भीती काल्पनिक नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. आमच्याकडे भिडे पुलाशेजारी नदीपात्रात लावलेल्या गाड्या पावसाळ्यात पाण्यात सापडल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून येतच असतात. अशा गाड्या साफ होऊन परत बाजारात येतात. इंजिन चालू असते, दगा नंतर वायरिंग देते.

चालकाच्या सीटची बाहेरची कड, पेडलचे रबर आणि स्टिअरिंगचे चामडे पाहा. काटा तीस हजार किलोमीटर दाखवतो आणि कड विरून गेलेली असेल, तर काटा फिरवलेला आहे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. चार टायर चार वर्षांचे आणि चार कंपन्यांचे असतील, तर मालकाने बाकीच्या बाबतीतही हात आखडता घेतला असेल. डेंटिंग-पेंटिंग करणारे आपले बांधव पुट्टी बोटाने वाजवून ओळखतात, बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे शोधतात. अशा कारागिराला दोन-चारशे रुपये देऊन बरोबर न्यावे. कोणत्याही यंत्रापेक्षा ते स्वस्त पडते.

इंजिन थंड असताना पाहायचे, हे विक्रेत्याला आधीच सांगावे. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवावा, गरम लागले तर परत यावे. सुरू करताच निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, टर्बोच्या गाडीत टर्बोचे सीलही गेलेले असू शकते. पांढरा धूर थांबेनासा झाला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. टर्बोला सर्वांत जास्त मारते ते जुने, काळे ऑइल. त्यामुळे किती किलोमीटर चालली यापेक्षा ऑइल किती वेळा बदलले याची बिले मागा. ऐंशी हजार चाललेली आणि बिलांची फाइल असलेली गाडी मी चाळीस हजाराच्या बिनबिलाच्या गाडीपेक्षा जास्त दामाला घेईन. या गाड्यांत आणखी एक गोष्ट असते. तरुण मालक संगणकातून इंजिनाची ताकद वाढवून घेतात, सायलेन्सर बदलतात, गाडी खाली बसवतात, आणि विकताना सर्व जागच्या जागी आणतात. स्कॅनर लावून जाणत्याकडून तपासून घ्या. न काढलेले फेरफार तर घेऊच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ते चालत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते.

कागदपत्रांत कंटाळा करू नये. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र आधी हाती घ्यावे, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्याव्यात, थकलेली चलने ऑनलाइन पाहावीत. नाव बदलल्यावर चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. जुन्या मालकाची नो क्लेम सवलत आपल्याला मिळत नाही, ती त्याच्याबरोबर जाते. आणि आपली जुनी गाडी विकताना उलट बाजूने हेच पाहा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, मग गाडी कितीही आधी विकलेली असो. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर लागतो, तो दामातून वजा करून बोला. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलेली आहे की नाही तेही पाहावे.

गाडी पेढीच्या नावावर घ्यावी का, असे बरेच जण विचारतात. प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट कापड व्यापाऱ्याला मिळत नाही. आयकरात १५ टक्के घसारा मिळतो, पण गाडी धंद्यासाठी वापरली जाते तेवढ्यापुरताच. पुढे विकताना वहीतल्या घटलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे आले, तर त्या फरकावर नोंदणीकृत व्यापाऱ्याला जानेवारी २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. शौकाची गाडी स्वतःच्या नावावर असलेली बरी.

खिशात जेवढी रक्कम आहे तिचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यात गाडी शोधावी. तो हिस्सा पहिल्या महिन्यातच लागतो. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल न विचारता बदलावे. पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते आणि २०२३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेला नाही असे धरून नवा टाकावा.