कर्णाची गोष्ट सापडेल का? फॅन फिक्शनच्या संग्रहांतला शोध आणि टॅग

(हेदवी, ता. गुहागर येथील सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

विषयाचं नाव जरा परकं वाटतं, म्हणून आधी तेवढं मोकळं करू. फॅन फिक्शन म्हणजे आधीच लोकप्रिय असलेल्या कथेतली पात्रं घेऊन वाचकानं स्वतः लिहिलेली नवी गोष्ट. हॅरी पॉटरवर अशा लाखो गोष्टी आहेत. आपल्याला ही कल्पना नवी नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली, रणजित देसाईंचं 'राधेय' १९७३ साली. दोन्हींमध्ये कर्ण महाभारतातलाच, पण गोष्ट लेखकाची. फरक इतकाच, की ही पुस्तकं छापून दुकानात आली आणि फॅन फिक्शन हौसेखातर लिहून संकेतस्थळावर फुकट ठेवलं जातं.

आता अडचण बघा. 'मृत्युंजय' शोधायला पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव पुरतं. पण जिथं लाखो गोष्टी आहेत आणि बहुतेक लेखक टोपणनावानं लिहितात, तिथं नाव कुणाचं विचारणार? वाचकाला गोष्ट माहीत नसते, आपल्याला काय वाचायचंय तेवढं माहीत असतं. तेव्हा आपण एकच मागणी घेऊ आणि ती वेगवेगळ्या संग्रहांत नेऊन बघू. मागणी अशी: कर्णाची गोष्ट हवी, त्याची आणि अश्वत्थाम्याची मैत्री हवी, आणि शेवटी कर्ण मरायला नको. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल तर माणूस अशी गोष्ट मागतो. म्हणजे 'काय नको' हे 'काय हवं' याच्याइतकंच महत्त्वाचं असतं.

पहिला संग्रह फॅनफिक्शन डॉट नेट. हा १९९८ सालचा. इथं लेखकाला तयार रकाने भरायचे असतात. मूळ कलाकृती यादीतून निवडा, कथाप्रकार जास्तीत जास्त दोन, पात्रं जास्तीत जास्त चार, वयोगटाची एक श्रेणी. स्वतःचा शब्द घालायला जागाच नाही. फायदा असा, की घोळ कमी. एका पात्राचं एकच नाव यादीत, त्यामुळे शुद्धलेखनाचा प्रश्न येत नाही. तोटा असा, की आपली मागणी अर्धीच पुरी होते. कर्ण आणि अश्वत्थामा यादीत असतील तर निवडता येतील, 'मैत्री' हा प्रकारही निवडता येईल. पण 'कर्ण वाचतो' हे सांगायला रकाना नाही. लेखिकेनं ते दोन ओळींच्या सारांशात लिहिलं असेल, तर तुमचं नशीब.

दुसरा प्रकार वॅटपॅडचा, २००६ सालचा. इथं उलट. टॅग मोकळे, जो शब्द सुचेल तो घाला. पण एकाच अर्थाचे दोन शब्द जोडायला मध्ये कुणी नाही. आता कर्णाची नावं मोजा: कर्ण, राधेय, वसुषेण, वैकर्तन, अंगराज, सूतपुत्र. एकीनं 'राधेय' असा टॅग दिला आणि तुम्ही 'कर्ण' शोधलंत, तर ती गोष्ट तुमच्यासाठी नाहीच. लिहिणारीला वाटतं कुणी वाचत नाही आणि वाचणाऱ्याला वाटतं कुणी लिहीत नाही.

तिसरा संग्रह 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', ज्याला सगळे एओथ्री म्हणतात. ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्स्फॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था २००७ साली निघाली आणि तिनं हा संग्रह २००९ साली सगळ्यांसाठी खुला केला. जाहिराती नाहीत, काम स्वयंसेवकांचं. २०१९ साली या संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

इथं लेखिका हवा तो टॅग स्वतःच्या शब्दांत घालू शकते. पण मागे स्वयंसेवक बसलेले असतात, त्यांना 'टॅग रँग्लर' म्हणतात. आपण त्यांना टॅग लावून घेणारे म्हणू. ते नवे टॅग वाचतात आणि 'राधेय', 'अंगराज' वगैरे सगळे शब्द एका प्रमाण टॅगला जोडतात. आता तुम्ही कुठल्याही नावानं या, सगळ्या गोष्टी समोर येतात. आणि यातली मोलाची गोष्ट अशी, की लेखिकेनं लिहिलेला शब्द कुणी खोडत नाही. तिच्या गोष्टीवर 'राधेय' असंच दिसतं, जोडणी फक्त आतून होते. शाळेत आपण लिहिलेला बोलीतला शब्द खोडून वर प्रमाण शब्द लिहीत, आठवतंय ना? इथं तसं नाही.

शिवाय नात्यांच्या खुणा ठरलेल्या आहेत. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असली तर प्रेमसंबंध, आणि 'आणि'ची इंग्रजी खूण असली तर मैत्री किंवा घरचं नातं. म्हणजे आपली मैत्रीची अट इथं नेमकी सांगता येते. मग गाळणी आहे: हे टॅग हवेत, हे नकोत, भाषा कुठली, गोष्ट पूर्ण आहे का, शब्द किती.

आता 'मरायला नको' हे कसं सांगायचं? एओथ्रीवर प्रत्येक गोष्टीला इशारा निवडावाच लागतो. ठरलेले इशारे चार, त्यातला एक 'प्रमुख पात्राचा मृत्यू'. पाचवा पर्याय 'यातलं काही लागू नाही'. आणि सहावा 'लेखकानं इशारा न देणं पसंत केलं'. इथं लोक फसतात. 'मृत्यू' गाळला म्हणजे झालं असं त्यांना वाटतं. पण सहाव्या पर्यायाखालच्या गोष्टीत मृत्यू असूही शकतो, लेखकानं तो मुद्दाम सांगितलेला नाही. ज्याला खरंच टाळायचंय, त्यानं दोन्ही गाळावेत.

अजून एक गैरसमज. एओथ्रीवरचा नेहमीचा शोध गोष्टीच्या आतला मजकूर चाळत नाही. तो शीर्षक, लेखक, सारांश, टिपा आणि टॅग एवढंच बघतो. म्हणजे टॅग दिला नाही आणि सारांशातही लिहिलं नाही, तर गोष्टीत अश्वत्थामा पानोपानी असला तरी सापडणार नाही.

कुणी म्हणेल, मग सगळा मजकूरच शोधावा, टॅगची भानगड कशाला? इंग्रजीत ते बऱ्यापैकी चालतं. मराठीत का अडतं ते बघा. आपली भाषा प्रत्यय शब्दाला चिकटवते आणि चिकटवताना शब्दच बदलते. पाऊस, पण पावसात. बहीण, पण बहिणीला. भाऊ, पण भावानं. यंत्राला हे व्याकरण शिकवलेलं नसेल तर 'पाऊस' शोधल्यावर 'पावसात भिजलेली' गोष्ट हाती लागत नाही. बरं, शब्दाचा तुकडा शोधावा म्हटलं, तर 'कर्ण'बरोबर विकर्ण येतो, कुंभकर्ण येतो, गोकर्णही येतं. भूमितीचा कर्ण तर वेगळाच. त्यात रोमन लिपीत लिहिणारे. आपल्या हेदवीचंच घ्या. कुणी मध्ये 'ए' घालतं, कुणी घालत नाही, कुणी 'व्ही' लिहितं, कुणी 'डब्ल्यू'. दशभुजा गणपती एकच, पण शोधणाऱ्या यंत्राला ही तीन-चार गावं वाटतात. म्हणून मराठीत माणसानं जोडलेल्या टॅगची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे.

ग्रंथालयशास्त्रात हा वाद जुना आहे. मेल्विल ड्यूई यांची १८७६ची पद्धत पुस्तकाला कपाटात एक जागा देते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. त्यात एका विषयाचे पैलू सुटे करायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे. फॅनफिक्शन डॉट नेट पहिल्या वाटेनं जातं. एओथ्रीची गाळणी दुसऱ्या वाटेच्या जवळची आहे, फक्त पैलूंना नावं वाचक-लेखकांनीच दिलेली.

मराठीत असं मोठं काम झालंय का? झालंय, आणि ते जात्यावरच्या ओव्यांवर. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीला शीर्षक नसतं, छापील पुस्तक नसतं. तेव्हा त्यांनी विषयांची उतरंड बांधली: माहेर, सासर, भाऊ-बहीण, सीता, विठ्ठल, कष्ट, अशी. आणि प्रत्येक ओवीबरोबर शक्यतो गाणारीचं नाव आणि गाव ठेवलं. आज या ओव्या 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळावर वाचायला-ऐकायला मिळतात. सीतेवरच्या ओव्या म्हणजे बायकांनी स्वतःच्या जगण्यातून पुन्हा सांगितलेलं रामायणच. इथं विषयाची नावं अभ्यासकांनी दिली, फॅन संग्रहात लिहिणारीनं दिली. अभ्यासकाच्या यादीला शिस्त असते. लिहिणारीच्या टॅगमध्ये तिला काय सांगायचं होतं ते असतं. चांगल्या संग्रहाला दोन्ही लागतं.

एओथ्रीची मर्यादाही सांगतो. भाषांच्या यादीत मराठी आहे, पण मराठी गोष्टी मोजक्याच. प्रमाण टॅग बहुतेक इंग्रजीत किंवा रोमन लिपीत. देवनागरी टॅग जोडायला मराठी जाणणारा स्वयंसेवक हवा. तो नसेल तर टॅग नुसता लटकत राहतो.

म्हणून लिहिणाऱ्यांना चार गोष्टी सुचवतो. पात्राचं नाव यादीत सुचवलं जातं, ते निवडा आणि शिवाय स्वतःच्या देवनागरीतही टॅग द्या. सारांशात पात्राची दोन-तीन नावं सहज येऊ द्या. नाव एकदा तरी प्रत्ययाशिवाय, मूळ रूपात लिहा. आणि इशारा प्रामाणिकपणे द्या.

एक प्रश्न आलाय: "आता यंत्र अर्थसुद्धा ओळखतं म्हणतात, मग टॅग हवेत कशाला?" प्रश्न रास्त आहे. यंत्र गोष्ट वाचून 'यात मृत्यू आहे' असा अंदाज करील, आणि तो पुष्कळदा बरोबरही येईल. पण टॅग हा लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याला दिलेला शब्द असतो. 'या गोष्टीत कर्ण मरत नाही' असं लेखिकेनं लिहिलं, तर जिच्या घरात दुःख आहे ती बाई निर्धास्तपणे पहिलं पान उघडते. अंदाज चुकला तर यंत्राला जाब विचारता येत नाही. शब्द दिलेल्या माणसाला विचारता येतो.