शर्यतीतला घाट केव्हा गाळावा?

सातारा-सांगलीकडच्या माणसाला घाट म्हणजे काय हे निराळे सांगण्याची गरज नाही. वाईहून पाचगणीला जायचे तर पसरणीचा घाट लागतो, पुण्याहून साताऱ्याला यायचे तर खंबाटकीचा, आणि कराडहून चिपळूणला उतरायचे तर कुंभार्लीचा. आपण बहुतेक जण हे घाट एस.टी.त बसून पार करतो. पण घाट सायकलवरून, तोही शर्यतीत, पार करणारी माणसे जगात आहेत. आपल्याकडेही आहेत. मुंबई-पुणे सायकल शर्यत कित्येक वर्षे बोरघाटातून होत आली आहे आणि तो घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात अनेक देशांच्या सायकलपटूंची काही दिवस चालणारी शर्यतही झाली.

आज ज्या प्रश्नाचा विचार करायचा आहे, तो असा: शर्यतीच्या दिवशी घाटात हवा बिघडली, बर्फ पडले, गारा कोसळल्या, तर काय करावे? ठरल्याप्रमाणे शर्यत होऊ द्यावी, की घाट गाळून ती आखूड करावी? प्रश्न परदेशातल्या खेळाचा वाटेल. पण शाळेची सहल किंवा क्रीडास्पर्धा नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकापुढे तो कधी ना कधी उभा राहतो, म्हणून तो जरा खोलात जाऊन पाहू.

आधी या शर्यतींची रीत समजून घेऊ. फ्रान्समधली ‘टूर द फ्रान्स’ आणि इटलीतली ‘जिरो द इटालिया’ या शर्यती सुमारे तीन आठवडे चालतात. रोज एक टप्पा, असे एकवीस टप्पे. प्रत्येकाला रोज लागलेला वेळ बेरजेत धरतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. फ्रान्समध्ये पुढे असलेल्याला पिवळा सदरा मिळतो, इटलीत गुलाबी. सपाटीवर सगळे घोळक्याने जातात, त्यामुळे वेळेत फार फरक पडत नाही. फरक पडतो तो डोंगरातल्या टप्प्यांत. म्हणजे घाट गाळला की शर्यतीचा गाभाच गाळला जातो, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नव्हे.

मग गाळायचा कशासाठी? थंडीला भिऊन? हट्टेकट्टे जवान, त्यांना थंडीचे काय, असे आपल्या मनात येते. याचे उत्तर चढात नाही, उतारात आहे.

बघा, माणूस सायकल मारतो तेव्हा शरीरात जी शक्ती खर्च होते, तिचा सुमारे चौथा हिस्सा पायडलवर पोहोचतो. बाकीचे तीन हिस्से उष्णता होऊन बाहेर पडतात. त्यामुळे चढावर, बर्फ पडत असले तरी, सायकलपटूला घाम येतो. वेग कमी असतो, वाराही अंगावर फारसा येत नाही. माथा आला की मात्र सगळे उलटते. पाय थांबतात, म्हणजे चूल विझते. वेग तासाला साठ-सत्तर किलोमीटरवर जातो, म्हणजे तेवढ्या वेगाचा गार वारा ओल्या कपड्यांवर बसतो. पाणी अंगातली ऊब कोरड्या हवेच्या कितीतरी पट वेगाने ओढून घेते, हे भिजलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पंधरा-वीस मिनिटांत बोटे बधिर होतात. बधिर बोटांना ब्रेक दाबता येत नाही. अंग थरथरू लागते आणि थरथरणाऱ्या हातांनी सायकलचे हँडलही थरथरते. हे सगळे नेमके घडते कुठे? तर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या वळणावर.

उंचीचाही हिशेब आहे. साधारणपणे हजार मीटर वर गेले की हवा सहा-साडेसहा अंशांनी गार होते. वाईपेक्षा पाचगणी सहाशे मीटरच्या आतबाहेर उंच, म्हणून तिथे तीन-चार अंशांचा फरक जाणवतो. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसुबाई, १६४६ मीटर. इटलीतला गाविया नावाचा घाट त्याहून जवळजवळ हजार मीटरने उंच आहे. तिथे जूनमध्येही बर्फ पडू शकते.

५ जून १९८८ रोजी तसेच घडले. जिरोचा टप्पा गावियावरून बोर्मिओ गावी उतरायचा होता. माथ्यावर बर्फ पडत असल्याचे कळले होते, तरी संयोजकांनी शर्यत सोडली. योहान व्हान डर व्हेल्डे हा डच सायकलपटू आखूड बाह्यांच्या सदऱ्यात सर्वांत आधी माथ्यावर पोहोचला. पण उतारावर थंडीने त्याची अशी अवस्था झाली की त्याला थांबावे लागले आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत तो पाऊण तासाहून जास्त मागे पडला. त्या दिवशी पहिला आला एरिक ब्रूकिंक आणि गुलाबी सदरा मिळाला अँडी हॅम्पस्टन या अमेरिकन सायकलपटूला. हॅम्पस्टनच्या संघाने त्या सकाळीच गावातल्या दुकानांतून गरम कपडे, हातमोजे विकत घेऊन ठेवले होते. आजही या दिवसाचे वर्णन लोक शौर्यकथा म्हणून सांगतात. शौर्य होतेच. पण त्या दिवशी कोणी दरीत गेले नाही, यात दैवाचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही.

पुढे पुढे संयोजक सावध झाले. टप्पा आखूड करण्याच्या तऱ्हा कोणत्या, ते उदाहरणांनी सांगतो. पहिली तऱ्हा, घाट टाळून पुढून सुरुवात करायची. १९९६ साली टूर द फ्रान्समध्ये इझेरां आणि गालिबिए या घाटांवर बर्फ आणि तुफान वारा होता. दोन्ही घाट गाळले आणि सुमारे १९० किलोमीटरचा टप्पा अवघ्या ४६ किलोमीटरचा केला. ब्यार्न रीस तो जिंकला. दुसरी तऱ्हा, मधला भाग गाडीतून पार करायचा. मार्च २०१३ मध्ये मिलान-सान रेमो या एकदिवसीय शर्यतीत बर्फामुळे सायकलपटूंना बसमध्ये बसवून तुर्किनो घाटापलीकडे नेले आणि तिथून शर्यत पुन्हा चालू केली. तिसरी, टप्पाच रद्द करायचा. त्याच वर्षी २४ मे रोजी जिरोने गाविया आणि स्टेल्विओ या घाटांचा टप्पा रद्द केला.

आणि चौथी, सर्वांत कठीण, चालू शर्यत थांबवायची. २६ जुलै २०१९ रोजी टूर द फ्रान्समध्ये सायकलपटू इझेरांच्या माथ्यावरून उतरत असताना पुढच्या रस्त्यावर गारांचा खच पडला आणि दरड कोसळून चिखल आला. शर्यत थांबवली. माथ्यावर ज्याची जी वेळ होती तीच धरली. त्या दिवशी टप्प्याचा विजेता कोणीच नाही. माथ्यावर पुढे होता कोलंबियाचा बावीस वर्षांचा एगान बेर्नाल. पिवळा सदरा ज्युलियन अलाफिलिपच्या अंगावरून त्याच्या अंगावर गेला आणि अखेर शर्यतही त्यानेच जिंकली. दुसऱ्या दिवसाचा टप्पाही १३० किलोमीटरवरून साठाच्या आत आणावा लागला.

आता तुम्ही विचाराल, यात अन्याय नाही का? आहे, थोडासा आहे. घाटात तरबेज असलेल्याची संधी जाते. ज्या गावातून शर्यत जायची तिथले लोक वाट पाहून हिरमुसतात. पण माझ्या मते आखूड केल्याने होतो त्यापेक्षा मोठा अन्याय अर्धवट सांगितल्याने होतो. २७ मे २०१४ रोजी जिरोच्या टप्प्यात स्टेल्विओच्या माथ्यावर बर्फ होते. उतार सावकाश उतरायचा, कोणी कोणाच्या पुढे जायचे नाही, असा निरोप आल्याचे काही संघांना कळले. काहींना तसे काहीच कळले नाही. काही जण माथ्यावर थांबून कपडे चढवू लागले, तर काही जण सरळ खाली सुटले. खाली येईपर्यंत दोन गटांत मोठे अंतर पडले. त्या दिवशी नाइरो किंतानाने गुलाबी सदरा मिळवला आणि शर्यतही जिंकली. तो उत्तम सायकलपटू होता यात शंका नाही. पण वाद मात्र मागे राहिला, आणि तो हवेमुळे नव्हे, निरोपामुळे.

यातून शहाणे होऊन आंतरराष्ट्रीय सायकल संघाने २०१६ पासून वाईट हवेसाठी एक ठरीव पद्धत लागू केली. गोठवणारा पाऊस, रस्त्यावर साचलेले बर्फ, जोराचा वारा, फार थंडी किंवा फार उष्मा, धुके, दूषित हवा, यांपैकी काही संभवत असेल तर संयोजक, पंच, शर्यतीचे डॉक्टर, सायकलपटूंचा प्रतिनिधी आणि संघांचा प्रतिनिधी यांनी एकत्र बसायचे आणि ठरवायचे. सुरुवातीची जागा किंवा वेळ बदलायची, शेवटची जागा बदलायची, मधला भाग मोजायचा नाही, की टप्पा रद्द करायचा, हे पर्याय आधीच लिहून ठेवलेले आहेत. यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. ज्याला सायकल चालवायची आहे त्यालाही बैठकीत जागा आहे. आणि ठरवायचे ते शक्य तोवर पायथ्याशी, डोके शांत असताना. माथ्यावर भिजून कुडकुडताना नव्हे.

आपल्या घाटांत बर्फ नाही. पण धुके आहे, दरडी आहेत आणि पाऊस तर असा आहे की २२-२३ जुलै २०२१ला महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पडला. आटपाडीकडे साधारण वर्षी बारा महिन्यांतही एवढा पडत नाही. त्या वेळी महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि घाट बंद ठेवावा लागला. जत-आटपाडीच्या बाजूला उन्हाळ्यातले ऊन हाही तसाच शत्रू.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती अशी. गडावरची सहल असो, घाटातली धावण्याची किंवा सायकलची स्पर्धा असो, परत फिरायचे केव्हा हे निघण्याच्या आदल्या दिवशी ठरवा आणि फळ्यावर लिहा. समोरचे वळण दिसेनासे झाले की थांबायचे, पाऊस धरला की माथा गाठायचा नाही, अशा साध्या खुणा पुरेत. शेवटचा शब्द कोणाचा, हे एकाच माणसाकडे द्या. निरोप पहिल्या मुलाला आणि शेवटच्या मुलाला एकच पोहोचेल अशी सोय करा. आणि मुलांपैकी एकाला बोलण्याचा हक्क द्या, कारण थंडी कोणाला वाजते आहे हे मोठ्यांच्या आधी मुलांना कळते.

मुले हिरमुसतील. पालक म्हणतील, एवढ्याशा पावसाला भ्यालात? त्यांना इझेरांच्या उताराची गोष्ट सांगा. जगातले उत्तमातले उत्तम सायकलपटू, शर्यत संपायला दोन दिवस उरलेले, आणि तरी सांगितल्याबरोबर ते थांबले. घाट पुढच्या वर्षीही तिथेच असतो. तो चढायला मुले सुखरूप घरी पोहोचलेली असली पाहिजेत.