प्रभागात जागा दोन, मग वाटा एकाचाच का?

डिसेंबर २०२५ मध्ये यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा अशा शहरांत नगरपरिषदेचे मतदान झाले, तेव्हा मतदाराला साधारणपणे तीन बटणे दाबायची होती: एक नगराध्यक्षासाठी आणि दोन प्रभागातल्या ‘अ’ व ‘ब’ जागांसाठी. एका प्रभागात दोन नगरसेवक म्हटल्यावर दोन निरनिराळ्या गटांना स्थान मिळेल असे वाटणे साहजिक आहे. पण अ आणि ब या दोन वेगळ्या लढती असतात आणि मतदार मात्र तेच. त्यामुळे एका लढतीत जो पुढे, तोच बहुधा दुसरीतही पुढे. समजा, ३,००० मतांच्या प्रभागात एका पक्षाला १,३००, दुसऱ्याला १,०५० आणि तिसऱ्याला ६५० मते पडतात. पॅनल पाहून मतदान झाले, तर पहिला पक्ष दोन्ही जागा नेतो आणि १,७०० मतदारांच्या हाती काहीच लागत नाही. प्रभाग मोठा, म्हणून उमेदवाराचा खर्च मोठा. काम सांगायला गेले की अ म्हणतो ब कडे जा. एवढी किंमत मोजून प्रतिनिधित्व मात्र एकसदस्य वॉर्डाइतकेच एकतर्फी. बहुसदस्य प्रभागाला अर्थ यायचा तर मोजणी प्रमाणशीर हवी, नाहीतर तो नुसताच ऐसपैस वॉर्ड.

प्रमाणशीर मोजणीची एक रीत म्हणजे पसंतीक्रम. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. निवडून येण्यासाठी लागणारा कोटा असा काढतात: वैध मतांना जागांपेक्षा एकने जास्त आकड्याने भागायचे आणि एक मिळवायचा. वरच्या प्रभागात तो १,००१ होतो. म्हणजे पहिल्या पक्षाला एक जागा, दुसऱ्याला एक. कोट्यावरची जादा मते आणि तळाच्या उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे वळतात, त्यामुळे मत वाया जाण्याची धास्ती कमी होते. स्कॉटलंडने २००७ मध्ये स्थानिक निवडणुकांना हीच पद्धत लावली. त्याआधी २००३ मध्ये ग्लासगोत लेबर पक्षाने निम्म्याहून कमी मतांवर ७९ पैकी ७१ जागा घेतल्या होत्या. नव्या पद्धतीत त्या ४५ वर आल्या. बहुमत राहिले, पण सभागृहात विरोधक दिसू लागले.

हे परदेशी खूळ आहे असेही नाही. आपल्याच नगरपरिषदेत विषय समित्यांवरच्या जागा आणि स्वीकृत सदस्य पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर ठरतात. यवतमाळ स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून विधान परिषदेचा आमदार निवडताना नगरसेवक पसंतीचे आकडेच लिहितात. (तिथे जागा एकच असल्याने ‘प्रमाणशीर’ हे नाव तेवढे उरते, ती गोष्ट वेगळी.) म्हणजे प्रमाणाचा न्याय नगरपरिषदेच्या दारापर्यंत आला आहे, आणि तो निवडून गेलेल्यांनाच मिळतो, निवडून देणाऱ्यांना नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द बाबासाहेबांचा आहे. जानेवारी १९४९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी बहुसदस्य मतदारसंघ आणि प्रमाणशीर मतदानाची दुरुस्ती संविधान सभेत मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती दोन कारणांनी नाकारली: आकडे ओळखून लिहिण्याइतकी साक्षरता देशात नाही, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकारे टिकणार नाहीत. दुसरे कारण नगरपरिषदेला फारसे लागू नाही. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो, सभागृहातले नुसते बहुमत हलले म्हणून त्याचे पद लगेच जात नाही. अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, ही कुरबुर तर आजच्या पद्धतीतही होते. पहिले कारण मात्र झटकून टाकता येत नाही. २०२३ च्या अमरावती विभाग पदवीधर निवडणुकीत, जिच्यात यवतमाळचे पदवीधरही मतदार होते आणि पसंतीचे आकडेच लिहायचे होते, हजारो मते बाद ठरली. पदवीधरांची ही तऱ्हा, तर इतरांचे काय, असे कोणी विचारेल. पण ही चूक निरक्षरतेची नव्हे, सवय नसल्याची आहे. सहा वर्षांतून एकदा भरायची मतपत्रिका कोणाच्या अंगवळणी पडणार?

शिवाय मोजणीचा नियम बदलला की काय होते, हे बाबासाहेबांनीच सोसले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या बहुसदस्य मतदारसंघांत आपली सारी मते एकाच उमेदवाराला देता येत, आणि छोट्या गटाला त्याचा आधार होता. १९५१-५२ मध्ये द्विसदस्य मतदारसंघ राहिले, पण एका उमेदवाराला एकच मत हा नियम आला. त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. पराभवाची कारणे आणखीही होती. पण एकगठ्ठा मते देऊन आपला माणूस निवडून आणण्याची सोय मतदारांकडे उरली नव्हती, हे खरे.

राज्यघटनेचे कलम २४३-आर नगरसेवक प्रभागांतून थेट निवडण्याचे बंधन घालते. पक्षाची यादी पाहून मत देण्याची पद्धत त्यात बसत नाही. प्रभागातल्या प्रभागात पसंतीक्रमाला मात्र त्यात मनाई नाही, तो कायदा राज्याचे विधिमंडळ करू शकते. आजचे यंत्र एका जागेसाठी एकच मत नोंदवते, म्हणून कागद परत आणावा लागेल आणि मोजणीला वेळ जाईल. खरी अडचण आरक्षणाची आहे. दोन जागांपैकी एक बहुधा महिलांसाठी राखीव, त्यात पुन्हा अनुसूचित जाती, जमाती, मागास प्रवर्गाचे आरक्षण. राखीव जागा भरण्यासाठी कमी मतांचा उमेदवार पुढे काढावा लागला, तर दोन जागांच्या प्रभागात प्रमाणाचा हिशेब तिथेच मोडतो. त्यासाठी शेजारचे दोन प्रभाग जोडून चार जागांचा एक करावा लागेल. मग कोटा एक पंचमांशावर येतो, दोन जागा महिलांसाठी राखूनही वाटणीला वाव राहतो, आणि वरच्या हिशेबातल्या त्या ६५० मतांच्या तिसऱ्या पक्षालाही, शेजारच्या प्रभागात तेवढाच जोर असेल तर, पहिल्याच पसंतीत एक नगरसेवक मिळतो.