बाक चेल्सीचा की मैदान शिकागोचं?

२००४ साली शिकागोच्या आसपास दोन मुलगे जन्मले. मार्चमध्ये ख्रिस ब्रॅडी, मे महिन्यात गॅब्रिएल ऊर्फ गागा स्लोनिना. दोघंही गोलरक्षक आणि दोघंही शिकागो फायर क्लबच्या अकादमीत घडलेले. ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्लोनिना मेजर लीग सॉकरच्या, म्हणजे एमएलएसच्या सामन्यात पहिल्या मिनिटापासून उतरला, तेव्हा त्याचं वय होतं १७ वर्षं ८१ दिवस. सुरुवातीच्या अकरांत इतका कोवळा गोलरक्षक त्या लीगने तोवर पाहिला नव्हता. न्यूयॉर्क सिटीविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने एकही गोल होऊ दिला नाही. वर्षभराने चेल्सीने त्याला उचललं. शिकागोला सुमारे १ कोटी डॉलर मिळणार होते, शिवाय अटी पूर्ण झाल्या तर आणखी काही. मुलगा लंडनला चालला, त्याचं आयुष्य मार्गी लागलं, असंच सगळ्यांना वाटलं.

ब्रॅडी घरीच राहिला. स्लोनिनाने रिकामी केलेली जागा २०२३ मध्ये त्याला मिळाली आणि पुढचे तीन हंगाम तो फायरचा नियमित गोलरक्षक होता. स्लोनिनाच्या वाट्याला त्याच काळात आधी बेल्जियमचा ऑयपेन क्लब आला, उसनवारीवर. तिथे तो भरपूर खेळला, पण संघ खालच्या श्रेणीत घसरला. मग इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतला बार्न्सली, आणि तिथला हंगाम दुखापतीने अर्धवट राहिला. करारानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत चेल्सीच्या मुख्य संघाकडून त्याला एकही अधिकृत सामना मिळाला नाही.

यावरून ‘स्लोनिना फसला’ असा निकाल देणं घाईचं होईल. गोलरक्षकाच्या हिशेबाने विशी-एकविशी म्हणजे बालवाडी. पण अमेरिकेतल्या होतकरू गोलरक्षकांनी कुठे खेळावं याविषयी ज्या समजुती चाहत्यांत आणि पालकांतही पक्क्या बसल्या आहेत, त्या तपासायला ही जोडी फार उपयोगी पडते.

‘जायचं तर सोळाव्या वर्षीच जावं’

बहुतेकांना तसं जाताच येत नाही. खेळाडूंच्या नोंदणीविषयीच्या फिफाच्या नियमावलीत १९ वं कलम आहे. त्यानुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात जाता येत नाही. पळवाटा मोजक्या आहेत: आईवडिलांनी फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने देश बदलला असेल तर, मुलाचं घर आणि क्लब दोन्ही सीमेलगत असतील तर, किंवा युरोपीय संघाच्या आतल्या आत १६ ते १८ या वयात. या तिसऱ्या सवलतीमुळेच अमेरिकन घरांत आजोबांचे कागद शोधले जातात. ख्रिस्तियन पुलिसिक (हा गोलरक्षक नव्हे, पण उदाहरण नेमकं आहे) क्रोएशियन पासपोर्टच्या जोरावर कोवळ्या वयात डॉर्टमुंडला पोहोचला. मायामीत जन्मलेला डिएगो कोचेन २०१९ पासून बार्सिलोनाच्या अकादमीत वाढला. अशी मुलं अपवादच. फिफा हे कलम पाळायला लावते, हेही बार्सिलोनाला ठाऊक आहे. अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या नोंदणीतल्या गडबडीपायी २०१५ मध्ये त्या क्लबाला दोन हस्तांतर-खिडक्या नवे खेळाडू नोंदवता आले नव्हते.

इंग्लंडचं दार तर आणखी घट्ट झालं आहे. ब्रेक्झिटनंतर, २०२१ च्या सुरुवातीपासून, युरोपीय पासपोर्ट असला तरी १८ च्या आत इंग्लिश क्लबात जाता येत नाही, आणि १८ नंतरही गुणांच्या पद्धतीने परवानगी मिळवावी लागते. गुण कशाला मिळतात? राष्ट्रीय संघासाठी खेळण्याला, लीगच्या दर्जाला आणि क्लबसाठी प्रत्यक्ष मैदानावर घालवलेल्या मिनिटांना. म्हणजे इंग्लंडला जाण्यासाठीसुद्धा आधी कुठेतरी खेळलेलं असावं लागतं.

‘पूर्वीचे अमेरिकन कीपर थेट इंग्लंडला गेले आणि चमकले’

हा गैरसमज माझ्या आवडीचा, कारण तो ज्यांच्या नावावर खपवला जातो त्यांच्याच चरित्रात तो बसत नाही. केसी केलर पोर्टलंड विद्यापीठातून मिलवॉलला गेला तो २२ व्या वर्षी, आणि तेव्हा मिलवॉल दुसऱ्या श्रेणीत होता. १९९७ मध्ये लेस्टरबरोबर लीग कप जिंकेपर्यंत तो तिशीकडे झुकला होता. ब्रॅड फ्रीडेल एकाहून अधिक इंग्लिश क्लबांना हवा होता, पण त्याला कामाचा परवानाच मिळेना. मग तो तुर्कस्तानात गलातासरायकडून खेळला, मायदेशी कोलंबस क्रूमध्ये आला, १९९७ मध्ये एमएलएसचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला आणि मग कुठे २६ व्या वर्षी लिव्हरपूलला पोहोचला. तिथेही त्याचं बस्तान नीट बसलं नाही. तो फुलला ब्लॅकबर्नमध्ये. पुढे प्रीमियर लीगमध्ये सलग ३१० सामने खेळण्याचा विक्रम याच माणसाने केला.

न्यू जर्सीत एडिसन आणि आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना टिम हॉवर्ड शेजारचा वाटावा. त्याचं नॉर्थ ब्रन्सविक त्याच मिडलसेक्स काउंटीत आहे. एमएलएसमध्ये मेट्रोस्टार्ससाठी काही हंगाम खेळून, २००१ मध्ये लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरून, तो २४ व्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला गेला. सुरुवात झकास झाली. मग ९ मार्च २००४ ला ओल्ड ट्रॅफर्डवर पोर्टोविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा सामना होता. शेवटच्या मिनिटाला फ्री-किक आली, हॉवर्डने ती अडवली, पण चेंडू हातात न राहता समोर पडला आणि पोर्टोच्या कॉस्टिन्याने तो आत मारला. पोर्टोचा तरुण प्रशिक्षक मोरिन्यो सीमारेषेवरून धावत सुटला ती प्रसिद्ध धाव याच गोलनंतरची. हॉवर्डची जागा डळमळली. २००६ मध्ये तो एव्हर्टनला गेला, आधी उसनवारीवर, आणि तिथे दहा वर्षांत ४०० हून अधिक सामने खेळला. २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध त्याने जे १५ गोल वाचवले, तो या सामन्यांनी घडवलेला हॉवर्ड होता. वय तेव्हा ३५.

केलर, फ्रीडेल आणि हॉवर्ड, तिघांचीही खरी ओळख मधल्या फळीतल्या क्लबांत झाली, कारण तिथे दर शनिवारी उतरायला मिळत होतं.

‘मोठ्या क्लबात नुसता सराव केला तरी माणूस घडतो’

विंगरला शेवटची वीस मिनिटं मिळू शकतात. बचावपटूला एखाद्या सोप्या सामन्यात आजमावता येतं. गोलरक्षकाची जागा एकच, आणि पहिला जखमी झाल्याशिवाय किंवा त्याला लाल कार्ड मिळाल्याशिवाय दुसऱ्याला सहसा कोणी उतरवत नाही. सरावात झेप घेणं शिकता येतं. कॉर्नरच्या गर्दीत बाहेर यायचं की रेषेवर थांबायचं, हा निर्णय मात्र सामन्यातच पिकतो.

झॅक स्टेफन २०१८ मध्ये कोलंबस क्रूकडून खेळताना एमएलएसचा सर्वोत्तम गोलरक्षक होता. मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं, डुसेलडॉर्फला पाठवलं, परत आणलं आणि एडरसनच्या मागे बसवलं. १६ एप्रिल २०२२ ला वेम्बलीवर लिव्हरपूलविरुद्ध एफए कपच्या उपांत्य सामन्यात त्याला संधी मिळाली. सिटीचा बचावपटू स्टोन्सने चेंडू मागे दिला. स्टेफनने तो पायाखाली घेतला आणि क्षणभर जास्त थांबला. लिव्हरपूलचा सादियो माने घसरत आला आणि चेंडू स्टेफनच्या पायातून थेट जाळ्यात. सिटी ३-२ ने हरली. त्या एका चुकीचं खापर बाकावर फोडणं सोपं आहे, आणि संपूर्ण खरंही नाही, कारण रोज खेळणारेही असे चुकतात. पण रोज खेळणाऱ्याला पुढच्या आठवड्यात ती पुसायला मिळते.

आणखी एक बारीक मुद्दा चाहत्यांच्या नजरेतून सुटतो. प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत जास्तीत जास्त १७ जण ‘घरचे’ नसलेले चालतात. ‘घरचा’ म्हणजे २१ वर्षांचा होण्याआधी तीन हंगाम इंग्लंड-वेल्सच्या क्लबांत नोंदलेला, मग तो कुठल्याही देशाचा असो. दुसऱ्या-तिसऱ्या गोलरक्षकावर परदेशी जागा खर्च करणं क्लबांना परवडत नाही. बाविशीत आलेला अमेरिकन पहिल्या क्रमांकाचा नसेल, तर त्याचं गणित इथेच बिघडतं.

‘कॉलेजचा आणि एमएलएसचा कीपर तो काय’

मॅट टर्नर न्यू जर्सीच्या पार्क रिजचा. तो लहानपणी बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये रमलेला होता, फुटबॉलचं वेड लागलं ते हायस्कुलात. फेअरफिल्ड विद्यापीठाकडून खेळताना क्रॉसबारला लागून उंच उडालेला चेंडू झेलायला गेला आणि त्याने तो स्वतःच्याच गोलमध्ये घालवला. ती चित्रफीत हसण्यावारी देशभर फिरली. एमएलएसच्या निवडीत त्याला कोणी घेतलं नाही. न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनने चाचणीतून घेतलं आणि खालच्या लीगमध्ये रिचमंड किकर्सकडे धाडलं. २०२१ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक होता, त्याच वर्षी अमेरिकेने गोल्ड कप जिंकला तेव्हा गोलमध्ये तोच होता, आणि २०२२ मध्ये, २८ व्या वर्षी, तो आर्सेनलचा झाला.

पॅट्रिक शुल्टेची गोष्ट वेगळ्या वाटेची. तो सेंट लुइस विद्यापीठातून आला आणि २०२२ मध्ये, एमएलएस नेक्स्ट प्रो ही राखीव संघांची लीग सुरू झाली त्याच वर्षी, कोलंबसच्या दुसऱ्या संघाकडून खेळला. तो संघ पहिला विजेता ठरला. डिसेंबर २०२३ मध्ये शुल्टे मुख्य संघाकडून एमएलएस कपचा अंतिम सामना जिंकत होता. पूर्वी राखीव अमेरिकन कीपर आठवडेच्या आठवडे फक्त सराव करायचा. ती पोकळी या लीगने बरीच भरून काढली.

‘राष्ट्रीय संघात जायचं तर युरोपच हवं’

मॅट फ्रीस हार्वर्डमध्ये शिकलेला, आधी फिलाडेल्फिया युनियनचा आणि मग न्यूयॉर्क सिटीचा, म्हणजे सारा खेळ अमेरिकेतच झालेला. २९ जून २०२५ ला मिनीॲपोलिसमध्ये गोल्ड कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात कोस्टा रिकाविरुद्ध २-२ अशी बरोबरी झाल्यावर शूटआउट झालं. फ्रीसने तीन पेनल्टी अडवल्या. त्या स्पर्धेत मुख्य गोलरक्षक तोच होता, आणि युरोपातल्या क्लबाचा टर्नर बाकावर.

इथे माझ्या म्हणण्याला एक छेद जातो तो लपवत नाही. २०२२ च्या विश्वचषकाआधी स्टेफन मिडल्सब्रोकडून नियमित खेळत होता आणि टर्नर आर्सेनलमध्ये दुय्यम होता. तरी प्रशिक्षक बरहाल्टर यांनी स्टेफनला संघातच घेतलं नाही आणि चारही सामने टर्नरला खेळवलं. टर्नरने इंग्लंड आणि इराणला गोल करू दिला नाही. मात्र तो विश्वास त्याने लंडनच्या बाकावर मिळवलेला नव्हता. तो आधीच्या वर्षी न्यू इंग्लंडसाठी आणि गोल्ड कपमध्ये खेळून कमावलेला होता. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये त्याची जागा गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये तो राखीवच राहिला, आणि राष्ट्रीय संघातला हक्कही निसटला.

‘परत आला म्हणजे हरला’

फ्रीडेल परत आला आणि मग लिव्हरपूलला गेला. स्टेफन फ्रायबुर्गच्या राखीव संघातून कोलंबसला आला आणि मग सिटीला गेला. टर्नर २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा न्यू इंग्लंडला आला. भारतीय वाचकाला हा प्रकार अनोळखी नसावा. आपला गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकला गेला (तेव्हा तिथला प्रशिक्षक अमेरिकेचा माजी राष्ट्रीय प्रशिक्षक बॉब ब्रॅडली होता), युरोपा लीगच्या पात्रता सामन्यात खेळणारा पहिला भारतीय ठरला आणि २०१७ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या जागेसाठी बेंगळुरू एफसीत आला.

महिलांच्या खेळात तर वाट उलटसुलटच असते. फॅलन टलिस-जॉइस सागरी जीवशास्त्र शिकलेली. तिने व्यावसायिक सुरुवात फ्रान्समध्ये रँसला केली, मग ती सिॲटलच्या क्लबात खेळली, २०२३ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेली आणि एक हंगाम मेरी इअर्प्सच्या मागे थांबली. इअर्प्स गेल्यावर २०२४-२५ मध्ये तिने १३ सामने गोल न खाता संपवले. अमेरिकेसाठी पहिला सामना ती खेळली एप्रिल २०२५ मध्ये, २८ व्या वर्षी.

न्यू जर्सीत असो वा टेक्सासात, घरात हातमोजे घालून झेपा घेणारं पोर असेल आणि उद्या एखाद्या परदेशी क्लबाचा कागद समोर आला, तर क्लबचं नाव शेवटी वाचा. आधी विचारा: पहिला गोलरक्षक किती वर्षांचा आहे, त्याचा करार कधी संपतो, उसनवारीवर पाठवणार तर कुठल्या श्रेणीत, आणि येत्या हंगामात आमच्या मुलाला साधारण किती सामने मिळतील. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळालं नाही, तर सहीची घाई करू नका.