रोहन बोपण्णा : दुहेरीत मुरलेली बावीस वर्षं

रोहन बोपण्णाने १ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक टेनिसला रामराम केला. तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता. शेवटची स्पर्धा पॅरिस मास्टर्स, जोडीला कझाकस्तानचा अलेक्झांडर बुब्लिक. पहिल्याच फेरीत हार झाली, तीही निर्णायक टायब्रेकमध्ये ८-१० अशी. त्याचा विषय निघाला की आधी वयच निघतं : त्रेचाळिसाव्या वर्षी ग्रँड स्लॅम, त्रेचाळिसाव्या वर्षी जगात पहिला. कौतुक रास्तच आहे. पण त्या कौतुकात आधीची वीस वर्षं नुसती ताटकळण्यात गेली, असं आपण नकळत म्हणून जातो. मला ते पटत नाही.

बोपण्णा मूळचा कूर्गचा. वडिलांचा कॉफीचा मळा, आणि सर्व्हिसला जोर यावा म्हणून तिथे केलेली लाकूडतोड, या गोष्टी त्याने स्वतःच अनेकदा सांगितल्या आहेत. २००३ मध्ये तो व्यावसायिक झाला. एकेरीत त्याची मजल २१३व्या क्रमांकापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. त्या क्रमांकावर विमानाची तिकिटं, हॉटेल आणि प्रशिक्षक यांचा मेळ घालता घालता खेळाडू मेटाकुटीला येतो. बोपण्णाकडे तोफेसारखी सर्व्हिस होती, उंची होती, नेटजवळचा हात होता. पायांची चपळाई मात्र बेताची. तो दुहेरीकडे वळला, याला नाइलाज म्हणणारे पुष्कळ होते.

दुहेरीत जोडीदार हाच निम्मा खेळ असतो. स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमवारीची बेरीज करून. जोडीदार घसरला की आपणही घसरतो, तो दुखावला की आपला आठवडा गेला. एखादी जोडी वर्षभर टिकते, एखादी दोन महिन्यांत मोडते. एटीपीच्या दुहेरीत ड्यूसला एकच गुण निर्णायक असतो, आणि एकेक सेट वाटून घेतला की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. चुकीला तिथे जागा कमी.

त्याची पहिली मोठी जोडी जमली ती पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर. २०१० च्या यूएस ओपनमध्ये दोघे अंतिम फेरीत पोहोचले आणि ब्रायन बंधूंकडून दोन्ही सेट टायब्रेकमध्ये हरले. ‘युद्ध थांबवा, टेनिस सुरू करा’ हा त्या जोडीचा पुकारा तेव्हा जगभर गाजला. त्याच सप्टेंबरात चेन्नईत डेव्हिस चषकाची ब्राझीलविरुद्धची लढत होती. भारत ०-२ ने मागे, आणि त्या दोनपैकी एक हार खुद्द बोपण्णाची. दुहेरी जिंकली, परतीची पहिली एकेरी पदरात पडली आणि निकाल पाचव्या सामन्यावर आला. तिथे त्याने रिकार्डो मेलोला सरळ सेटमध्ये हरवलं. एकेरीत जमत नाही असं ज्याच्याबद्दल बोललं जायचं, त्याने देशासाठी एकेरीच जिंकून दिली होती.

२०१२ हे वर्ष मात्र कडवट गेलं. लंडन ऑलिम्पिकसाठी लिअँडर पेसबरोबर खेळायला त्याने आणि महेश भूपतीने नकार दिला. अखेर भूपती-बोपण्णा आणि पेस-विष्णू वर्धन अशा दोन जोड्या गेल्या, पदक एकीलाही मिळालं नाही. टेनिस संघटनेने भूपती आणि बोपण्णावर दोन वर्षांची बंदी घातली आणि प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. दोष कोणाचा किती, यावर तेव्हा घराघरात वाद झडले. माझ्या मते मूळ दुखणं वेगळं होतं. भारतीय दुहेरी म्हणजे पेस-भूपती, हे आपण इतकं धरून चाललो होतो की तिसऱ्या माणसाला स्वतःचं मत असेल हेच ध्यानात आलं नाही. चार वर्षांनी रिओला पेस आणि बोपण्णा एकत्र खेळले आणि पहिल्या फेरीत हरले. सानिया मिर्झाबरोबर मिश्र दुहेरीत तो कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचला. तिथेही चौथ्या स्थानावर थांबावं लागलं. ऑलिम्पिक पदक त्याला कधीच मिळालं नाही.

२०१३ मध्ये तो दुहेरीत जगात तिसरा होता. २०१२ मध्ये भूपतीबरोबर आणि २०१५ मध्ये फ्लोरिन मर्जियाबरोबर तो वर्षअखेरच्या एटीपी फायनल्सच्या अंतिम फेरीत खेळला, दोन्हीदा हरला. २०१७ मध्ये फ्रेंच ओपनच्या मिश्र दुहेरीत कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर त्याने पहिलं ग्रँड स्लॅम जिंकलं. निर्णायक टायब्रेक १२-१० असा गेला होता. पेस, भूपती आणि सानियानंतर ग्रँड स्लॅम जिंकणारा तो चौथा भारतीय ठरला. इथवरची कारकीर्दसुद्धा कोणीही अभिमानाने मिरवावी अशीच होती.

मग गुडघे बोलू लागले. दुहेरीत व्हॉली घ्यायला पुन्हा पुन्हा खाली वाकावं लागतं, आणि त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती. २०२१ च्या सुरुवातीला कित्येक महिने एकही सामना जिंकता आला नाही. आता थांबावं म्हणतो, असा व्हिडिओ निरोप त्याने बायकोला धाडला होता. हे त्यानेच पुढे २०२४ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकल्यावर सांगितलं. त्याला सावरलं ते अय्यंगार योगाने. बी. के. एस. अय्यंगारांनी ही पद्धत पुण्यात घडवली. पट्टे, दोर, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन एकेका आसनात शरीर नीट बसवायचं, घाई करायची नाही. पायांचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. बोपण्णाने हे नेमाने केलं आणि वेदना उतरत गेली. पुण्यात रुजलेल्या या विद्येने असा खेळाडू आणखी चार वर्षं कोर्टवर ठेवला, याचं आपल्याकडे व्हावं तेवढं कौतुक झालं नाही.

पुण्याशी त्याचं तसंही जमायचं. बालेवाडीत महाराष्ट्र ओपन त्याने दोनदा जिंकली : २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर, २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेला साथीला घेऊन त्याने मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. पहिला सेट २-६ असा गेला होता. दुसरा ६-३ आणि निर्णायक टायब्रेक १०-४. त्या सामन्यात ऋतुजाचा वाटा तितकाच मोठा होता, हे आवर्जून सांगायला हवं.

२०२३ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनशी जोडी जमली. इंडियन वेल्स जिंकली, विम्बल्डनची उपांत्य फेरी झाली आणि यूएस ओपनची अंतिम फेरी आली. राजीव राम आणि जो सॅलिसबरीविरुद्धच्या त्या लढतीत तिसऱ्या सेटमध्ये चेंडू बोपण्णाच्या दंडाला निसटता लागून नेटपलीकडे गेला. पंचांच्या लक्षात आलं नव्हतं. बोपण्णा स्वतः पुढे झाला, हाताला लागलाय म्हणून सांगितलं आणि गुण सोडून दिला. पुरुष दुहेरीचं जे ग्रँड स्लॅम विजेतेपद त्याला तोवर एकदाही लाभलं नव्हतं, ते दोन हातांवर असताना हे घडलं. सामना ते हरले. त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला मला सर्वांत जास्त भावलेला क्षण हाच आहे, मेलबर्नच्या करंडकापेक्षाही.

मेलबर्न आलं चार महिन्यांनी. उपांत्य सामना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत ताणला गेला होता. २७ जानेवारी २०२४ ला अंतिम सामन्यात सिमोने बोलेली आणि आंद्रेया वावासोरी या इटालियन जोडीवर ७-६, ७-५. पहिल्या सेटचा टायब्रेक तर ७-० असा एकतर्फी. पुरुष दुहेरीतलं हे त्याचं पहिलंच ग्रँड स्लॅम विजेतेपद, तेही एकसष्टाव्या प्रयत्नात. त्याने जाँ-ज्युलियन रॉयेरचा विक्रम मोडला. हा रॉयेर २०२२ मध्ये चाळिसाव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकून खुल्या युगातला पुरुष दुहेरीचा सर्वांत वयस्क ग्रँड स्लॅम विजेता ठरला होता, आणि त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्याने हरवलं होतं ते बोपण्णालाच. २०१५ च्या एटीपी फायनल्समध्येही आडवा आला होता तोच. स्पर्धा संपताच नव्या क्रमवारीत बोपण्णा पहिल्या क्रमांकावर होता. त्या आठवड्यात पद्मश्रीही जाहीर झाली होती.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये श्रीराम बालाजीबरोबर पहिल्याच फेरीत हरल्यावर त्याने भारताची जर्सी उतरवली. डेव्हिस चषकाचा निरोप त्याने आधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये लखनौला घेतला होता. २००२ मध्ये सुरू झालेला तो प्रवास मोरोक्कोविरुद्ध दुहेरीच्या विजयाने संपला. त्या दिवशी त्याच्या जोडीला होता युकी भांबरी. एकेकाळी एकेरीत पहिल्या शंभरात पोहोचलेला आणि दुखापतींनी बेजार झालेला युकी तोवर पूर्णवेळ दुहेरीकडे वळला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो न्यूझीलंडच्या मायकल व्हीनसबरोबर यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत खेळला, आणि तेव्हा दुहेरीला कोणी नाइलाज म्हटलं नाही.